स्क्रीनसेव्हरवर प्रार्थनाचक्र कसं फिरवायचं? आणि फिरवावं का?

काठावरचा | ८ जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न संगणकाचा आहे, पण त्यामागची हकिकत सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

थंडी सुरू झाली की आपल्या बडोद्यात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. मी शाळेत असताना आई तिथे माझ्यासाठी स्वेटर घ्यायला गेली आणि त्या स्टॉलवरच्या बाईंशी तिची गट्टी जमली. त्या कर्नाटकातल्या बैलकुप्प्याहून यायच्या. आम्ही त्यांना अमा-ला म्हणतो. आईचं हिंदी मराठीच्या अंगाने जाणारं, त्यांचं तिबेटीच्या अंगाने, तरी दोघी तासन्‌तास बोलायच्या. आई डबा घेऊन जायची, सुरळीच्या वड्या त्यांना फार आवडायच्या. एका वर्षी निघताना त्यांनी आपलं हातातलं प्रार्थनाचक्र आईला दिलं. तांब्याचं डोकं, लाकडी दांडा, साखळीला छोटं वजन. तेव्हापासून आईचा नेम ठरला: दिवेलागणीला रामरक्षा, आणि मग दहा मिनिटं अमा-लांचं चक्र.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात आलं. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो, चक्र खाली शोकेसमध्ये राहिलं. दोन दिवस पाण्यात. आतली मंत्र छापलेली कागदाची गुंडाळी फुगली आणि डोकं जाम झालं. आता हलवलं तर नुसतं दांड्यासकट हलतं, फिरत नाही. अमा-लांचं वय झालंय, गेल्या दोन हिवाळ्यांत त्या आलेल्या नाहीत.

परवा आई हॉलमधल्या कॉम्प्युटरवर पेपर वाचता वाचता उठली. परत आली तर पडद्यावर ते बुडबुडे तरंगत होते. म्हणाली, "बुडबुड्यांच्या जागी चक्र फिरलं असतं तर किती छान."

तर तीन प्रश्न. एक, असा स्क्रीनसेव्हर कसा करायचा? विंडोज १० आहे, मशीन जुनं. दोन, चक्र कोणत्या दिशेने फिरलं पाहिजे? तीन, आणि हा मला जास्त छळतोय: स्क्रीनसेव्हर सुरूच होतो समोर कुणी नसताना. मग ते चक्र फिरवलं कुणी? आईला खेळणं द्यायचं नाहीये मला.

खुशाल_रावपुरा | ८ जानेवारी, रात्री ९:४०

बाकीचं जाणकार सांगतील, माझी एकच विनंती. नेटवर फुकट मिळणारी तयार स्क्रीनसेव्हर फाईल उतरवू नका. ती डॉट एससीआर फाईल म्हणजे चित्र नसतं, ते चालणारं प्रोग्रामच असतं. मी एकदा धबधब्याचा स्क्रीनसेव्हर घेतला होता. धबधबा दिसला, पण त्याबरोबर ब्राउझरमध्ये जाहिरातींचा असा पूर आला की शेवटी सगळं पुसून विंडोज परत टाकावं लागलं.

जुनी_टंकलेखिका | ८ जानेवारी, रात्री १०:२५

भाऊ, आईंना माझा नमस्कार सांगा.

विंडोजमध्येच 'थ्रीडी टेक्स्ट' नावाचा स्क्रीनसेव्हर असतो. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन, आणि खाली स्क्रीन सेव्हर. त्यात हवी ती अक्षरं लिहून 'स्पिन' निवडलं की ती फिरतात. तुमचा धागा वाचला आणि लगेच 'ॐ मणिपद्मे हूँ' लिहून पाहिलं. आयुष्य दांडिया बाजारात डीटीपीत गेलंय, त्यामुळे अक्षर मोडलेलं मला सहन होत नाही. ते 'द्मे' फुटलं हो! द वेगळा, हलन्ताचं शेपूट वेगळं, म वेगळा, मात्रा भलतीकडे. तो प्रोग्राम एकेक चिन्ह सुटं घेऊन त्याचा ठोकळा करतो, जोडाक्षर जुळवणं त्याला येत नाही. तिबेटी लिपीत तर अक्षरं एकाखाली एक रचतात, तिथे याहून वाईट होईल. मंत्र मोडका फिरवायचा नाही, म्हणून हा रस्ता बाद.

मधुकाका | ९ जानेवारी, सकाळी ७:०५

दिशेचं उत्तर आपल्याकडे आयतं आहे: प्रदक्षिणेची दिशा. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. तिबेटातल्या जुन्या बोन धर्मपरंपरेचे लोक उलट फिरवतात, पण तुमच्या अमा-ला मणी मंत्राचं चक्र फिरवत होत्या म्हणजे उजवीच दिशा.

पडद्यावर मात्र घोटाळा होऊ शकतो, तो सांगतो. आपण चक्राकडे समोरून पाहतो. वरून घड्याळाप्रमाणे फिरणाऱ्या डब्याची आपल्याकडची बाजू उजवीकडून डावीकडे सरकते. घरातला एखादा डबा हातात धरून करून पाहा. आणि त्यात अर्थ आहे. अक्षरं डावीकडून उजवीकडे लिहिलेली असतात, त्यामुळे डबा असा फिरला की पहिलं अक्षर आधी समोरून जातं, मग दुसरं. मंत्र वाचल्याच्या क्रमाने पुढे सरकतो. उलटा फिरवला तर 'हूँ' आधी येईल.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. भूतानच्या सहलीत रस्त्याकडेच्या ओढ्यावर एक छोटी घुमटी पाहिली होती. आत मोठं चक्र, खाली लाकडी पाती, ओढ्याच्या धारेवर ते फिरतंय. मिनिटाला एकदा आतल्या घंटीवर दांडी आपटायची आणि टण्‌ व्हायचं. आसपास चिटपाखरू नाही. मी गाडीवानाला विचारलं, हे कुणासाठी? तो म्हणाला, पाणी खाली जिथे जिथे जाईल, तिथल्या सगळ्यांसाठी. वाऱ्यावर फिरणारीही चक्रं असतात, आणि दिव्यावर टांगलेली, ज्योतीच्या गरम हवेने फिरणारीही. समोर माणूस नसताना फिरणारं चक्र ही त्या परंपरेत नवी गोष्ट नाही, हे मनातून काढून टाका.

फिरकी | ९ जानेवारी, सकाळी ९:३०

काका, मग छताच्या पंख्याचं काय? आपले पंखे खालून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणजे वरून पाहिलं तर प्रदक्षिणेलाच! पंख्यावर मंत्र चिकटवला की बडोद्याच्या उन्हाळ्यात दिवसाला लाखभर जप.

मधुकाका | ९ जानेवारी, सकाळी १०:१५

@फिरकी, तू हसत लिहिलंस, पण दिशा अगदी बरोबर पकडलीस. विजेच्या मोटरवर फिरणारी चक्रंही असतात. फक्त पंख्याची पाती दर महिन्याला पुसायची तयारी ठेव.

प्रज्ञा_फतेगंज | ९ जानेवारी, दुपारी १:५०

मी बौद्ध घरातली आहे, म्हणून मनापासून लिहिते, राग मानू नका. आमच्या घरी मंत्र नाहीत, जप नाहीत, चक्र फिरवून पुण्य जमा करणं नाही. त्रिशरण आणि पंचशील आहे, आणि ते वागण्यात आणायचं असतं. २३ सप्टेंबर १९१७ला बाबासाहेब याच बडोद्यात, आपल्या कमाटी बागेत झाडाखाली बसले होते. राहायला जागा मिळत नव्हती म्हणून शहर सोडायची वेळ आली होती, आणि तिथे त्यांनी आपल्या माणसांसाठी आयुष्य वेचायचा संकल्प केला. आजी मला लहानपणी हात धरून तिथे न्यायची. जे करायचं ते माणसानेच करायचं, हे मी तिथे शिकले. यंत्राने मंत्र फिरवणं म्हणजे बौद्ध धर्म, असा समज या धाग्यावरून होऊ नये एवढंच म्हणणं आहे. धम्मचक्र वेगळं, प्रार्थनाचक्र वेगळं. बुद्धांनी सारनाथला जे प्रवर्तित केलं ती शिकवण होती.

तुमच्या आईंच्या मैत्रीबद्दल मात्र वाचून फार बरं वाटलं.

काठावरचा | ९ जानेवारी, रात्री ८:३०

प्रज्ञाताई, राग कसला. तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिचं बरोबर आहे. मी पुण्यासाठी फिरवत नव्हते. ते फिरवताना ती बाई शेजारी बसल्यासारखी वाटायची." धम्मचक्र आणि प्रार्थनाचक्र यांतला फरक मला स्वतःला नीट माहीत नव्हता. बरं झालं लिहिलंत.

मधुकाका, ओढ्याची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली.

पोथीवाला | ९ जानेवारी, रात्री ११:१०

प्रज्ञाताईंनी बडोद्याचा धागा काढलाच आहे, तर आणखी एक जोडतो. या सहा अक्षरांना षडक्षरी म्हणतात. मंत्र अवलोकितेश्वराचा, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचा, तिबेटीत त्याला चेनरेझिग म्हणतात. कारंडव्यूह सूत्रात या मंत्राचा महिमा येतो. त्या देवतेचं ध्यान कसं करायचं, रंग कोणता, हातात काय, हे सांगणारी संस्कृत साधनं 'साधनमाला' या ग्रंथात आहेत, आणि तो छापला गेला आपल्या बडोद्यातून! गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, दोन खंडांत, १९२५ आणि १९२८ साली, बिनयतोष भट्टाचार्यांच्या संपादनाखाली. षडक्षरी लोकेश्वर हे अवलोकितेश्वराचंच रूप त्यात आहे: पांढरा वर्ण, चार हात, दोन हात छातीशी जोडलेले, उरलेल्या दोहोंत जपमाळ आणि कमळ. स्क्रीनसेव्हरला मागे चित्र लावणार असाल तर हे लक्षात ठेवा, नेटवर कुठल्याही मूर्तीखाली हा मंत्र चिकटवलेला दिसतो.

शामळाजीजवळच्या देवनी मोरीचा स्तूपही महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्याच लोकांनी १९६०च्या दशकात खणला. जागा आता मेश्वो धरणाच्या पाण्याखाली आहे, पण तिथे मिळालेला धातुकरंडक, म्हणजे अवशेष ठेवायची डबी, बडोद्यात आहे. आणि कमाटी बागेतल्या संग्रहालयात नेपाळ-तिबेटच्या कलावस्तूही आहेत. आईंना एकदा घेऊन जा, लोक तिथे देवमाशाचा सांगाडा बघून परत फिरतात.

कढीभात | १० जानेवारी, सकाळी ११:२०

देवमासा बघून परत फिरणाऱ्यांत मी पण. या रविवारी जातोच.

कोड_वाचणारा | १० जानेवारी, रात्री १०:००

धागा वाचून राहवलं नाही, रात्री बसून करूनच पाहिलं. साधं एचटीएमएल पान, बाहेरून काहीही उतरवायला नको.

सहा पट्ट्या, प्रत्येकीवर एक अक्षर: ॐ, म, णि, प, द्मे, हूँ. तिबेटी उच्चाराप्रमाणे 'पद्‌' आणि 'मे' असे तोडतात, पण देवनागरीत मी जोडाक्षर अखंड ठेवलंय, टंकलेखिका ताईंच्या धाकाने. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपासून ६० अंशांवर वळवायची, मधल्या अक्षापासून सारख्या अंतरावर पुढे ढकलायची, म्हणजे षट्‌कोनी डबा तयार होतो. मग अख्खा डबा रोटेट-वायने, म्हणजे उभ्या अक्षाभोवती फिरवायच्या आज्ञेने, फिरवायचा.

दोन ठिकाणी फसलो, ती सांगतो, तुमचा वेळ वाचेल.

पहिलं म्हणजे दिशा. मी सरळ ० ते ३६० लिहिलं. मधुकाकांचा डबा आठवला म्हणून बरं, नीट पाहिलं तर समोरची बाजू डावीकडून उजवीकडे चालली होती. उणे ३६० लिहा.

दुसरं, दर फेरीच्या शेवटी चक्र मंदावायचं, थबकायचं आणि पुन्हा वेग घ्यायचं, चढावर दम लागल्यासारखं. कारण वेग कसा हवा ते सांगितलं नाही तर ब्राउझर स्वतःहून 'ईझ' धरतो, म्हणजे हळू-जलद-हळू. तिथे 'लिनिअर' लिहिलं की एकसारखं फिरतं.

रंग परंपरेतले घेतले: पांढरा, हिरवा, पिवळा, निळा, तांबडा आणि शेवटच्या 'हूँ'ला काळा. काळ्या पडद्यावर काळं 'हूँ' दिसेना, म्हणून पट्ट्यांना तांब्याचा रंग दिला. आईंच्या चक्राशीही जुळेल.

आता हे पान स्क्रीनसेव्हर म्हणून लावायचं तर विंडोजला एससीआर लागतं. ते मी बनवून देईन. असा प्रोग्राम विशेष काही नसतो, विंडोज त्याला 'सुरू हो', 'सेटिंग दाखव', 'छोटा नमुना दाखव' अशा तीन खुणा देतं, तेवढ्या ओळखायच्या. सगळा कोड तुम्हाला पाठवतो, डोळ्यांखालून घाला आणि मगच चालवा. घाई असेल तर पान ब्राउझरमध्ये उघडून एफ-अकरा दाबा, पडदाभर फिरेल.

खुशाल_रावपुरा | १० जानेवारी, रात्री १०:३५

कोड उघडा ठेवून देताय, हे फार चांगलं करताय.

अवंती_अकोटा | ११ जानेवारी, दुपारी ४:१५

हाताच्या चक्रात मंत्र हजारो वेळा छापलेला असतो ना? पडद्यावर तर एकदाच आहे. मग हार्डडिस्कवर मंत्राने भरलेली एक फाईल ठेवली तर? डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारते. ७२०० म्हणजे सेकंदाला १२०!

कोड_वाचणारा | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

छान विचार. हिशेब केला: देवनागरीतला एक वर्ण (मात्रा, हलन्तही धरून) यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट्स घेतो. या मंत्रात १२ वर्ण, म्हणजे ३६, दोन मोकळ्या जागा आणि ओळ संपल्याच्या खुणेचे २, एकूण ४०. म्हणजे मंत्र एक लाख वेळा लिहिला तरी फाईल होते ४० लाख बाइट्सची, फोनवरच्या एका फोटोएवढी. पण आधी डिस्क कुठली आहे ते बघा, एसएसडीत फिरणारं काहीच नसतं.

फिरकी | १५ जानेवारी, सकाळी ११:००

दोन दिवस अगाशीवरून खाली उतरलो नाही, बोटं मांज्याने कापलीत, तरी एका हाताने टाईप करतोय. झालं का चक्र?

हिशेबी_गृहिणी | १५ जानेवारी, दुपारी १२:३०

एक व्यवहाराची गोष्ट. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, पडदा चालूच असतो. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र राहिलं की त्याचा डाग पडायचा, तो टाळण्यासाठी स्क्रीनसेव्हर आले. २५ वॉटचा मॉनिटर आठ तास चालला तर ०.२ युनिट. फार नाही, पण रात्री मॉनिटर आपोआप बंद होईल असं लावा. ओएलईडी पडदा असेल तर चक्र अगदी मधोमध तासन्‌तास ठेवू नका, तिथे डाग अजूनही पडतो.

संग्रह_प | १५ जानेवारी, रात्री ९:५०

सगळे पडद्याकडे बघताहेत, मला मूळ चक्राचीच काळजी वाटतेय. मी संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचं काम शिकले आहे. काठावरचा, डोक्यावरची टोपी निघते का? वरचा लहान गोंडा फिरवून किंवा ओढून सहसा निघते. कागद फुगून तांब्याच्या भिंतीला घासत असेल तर नुसती गुंडाळी बाहेर काढली तरी डोकं मोकळं होईल. खाली दांड्याशी शंखाची किंवा हाडाची चकती असेल, ती हरवू देऊ नका, तीवरच डोकं फिरतं. वाळून गठ्ठा झालेला कागद उलगडायला जाऊ नका, तुकडे होतील. तेल घालू नका. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही नको.

काठावरचा | १९ जानेवारी, रात्री ९:२०

मंडळी, उशीर झाला, पण सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

संग्रह_प यांनी सांगितलं तसं टोपी काढली. आई ताट घेऊन बसली होती, एकही तुकडा खाली पडू नये म्हणून. गुंडाळी निघाली ती खारकेएवढी कडक, वरच्या थरावर पुराचा बारीक गाळ, त्याखाली लाल शाईच्या ओळींच्या कडा दिसत होत्या. शंखाची चकती सापडली, पांढरी, चार आण्याएवढी. गुंडाळीशिवाय डोकं अलगद फिरलं. आईने एकदाच फिरवलं आणि थांबली. म्हणाली, "रिकामं नको."

मग आईच्या जुन्या वहीत अमा-लांचा नंबर शोधला. फोन त्यांच्या नातीने उचलला आणि त्यांना दिला. आईने पहिल्यांदा पुराचं सांगितलं, मग भीत भीत विचारलं, गुंडाळीचं काय करू? त्यांनी सांगितलं, कचऱ्यात टाकू नका, स्वच्छ जागी अग्नीला द्या, नवी मी पाठवते. घालताना वरची बाजू वरच राहील हे बघायला सांगितलं. शेवटी मी स्क्रीनसेव्हरचं विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पानी घुमाता है, हवा घुमाता है, बिजली भी घुमाएगा। लेकिन माताजी सामने बैठेगा तो मन में बोलने का।" मधुकाका, तुमचा ओढा मला तिथेच आठवला.

कोड_वाचणारा यांचं चक्र शनिवारपासून सुरू आहे. एक मिनिट काही हाललं नाही की येतं. आईने माऊस उचलून टीव्हीच्या कपाटावर ठेवलाय, कारण कुणाचा धक्का लागला की चक्र नाहीसं होतं. मला ऑफिसचं काम करायचं असेल तर आधी विचारावं लागतं.

जुनी_टंकलेखिका | १९ जानेवारी, रात्री ९:४५

जोडाक्षर अखंड आहे ना?

काठावरचा | १९ जानेवारी, रात्री ९:५०

अखंड आहे ताई. फोटो पाठवतो.

प्रज्ञा_फतेगंज | २० जानेवारी, सकाळी ८:१०

माझं मत आहे तिथेच आहे, पण अमा-लांचं "मन में बोलने का" मला पटलं. कोड_वाचणारा, ते पान मला मिळेल का? पट्ट्या पाच करून त्यांवर पंचशील लिहायचं आहे, भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावर लावायला. ६०च्या जागी ७२ अंश, बरोबर?

कोड_वाचणारा | २० जानेवारी, सकाळी ८:४०

बरोबर, ७२. फक्त पट्ट्यांचं मध्यापासूनचं अंतर थोडं कमी करावं लागेल, नाहीतर फटी दिसतील. आणि शीलाची ओळ लांब असते, ती वाचून होईल इतका वेळ फेरीला द्या. दुपारपर्यंत पाठवतो.

काठावरचा | २७ जानेवारी, रात्री ८:५५

नवी गुंडाळी आज आली. पिवळ्या कापडात बांधलेली, सोबत याकच्या लोकरीचे मोजे, आईसाठी. वरची बाजू वर ठेवून घातली, टोपी बसवली. दिवेलागणीला रामरक्षा झाली आणि आई हातात चक्र घेऊन त्या पडद्यासमोरच बसली. पाच मिनिटांनी मला हाक मारली, पडद्यावरचं फार हळू फिरतंय, माझ्या हाताबरोबर कर. एका फेरीला ८ सेकंद होते, ते मी २ केले. म्हणाली, एवढी घाई नको. आता ३ वर आहे, आणि दोन्ही बरोबर चालली आहेत.